बुधवारचं गिऱ्हाईक

बाजारातल्या त्या अरुंद गल्लीत चपलांचं दुकान आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची टपरी यांच्या मधोमध एक होजिअरीचं दुकान आहे. बाहेर रुमाल, मोजे, बनियन, टॉवेल. आत गेलं की एका भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत पुठ्ठ्याचे खोके, प्रत्येक खोक्याच्या तोंडावर मार्करने लिहिलेला आकडा, आणि त्या भिंतीसमोर गळ्यात टेप अडकवून उभी असलेली एक बाई. तिला सगळे मापवाली मावशी म्हणतात. शाळेतल्या मुली म्हणतात, त्यांच्या आया म्हणतात, आणि त्या आयांच्या सासवाही म्हणतात, ज्या वयाने मावशीच्या आईच्या बरोबरीच्या आहेत.

एकवीस वर्षांपूर्वी ती या दुकानात लागली तेव्हा तिच्या गळ्यात टेप नव्हती. पोटमाळ्याच्या जिन्याखाली एक शिलाई मशीन होतं, तिथे स्टुलावर बसून ती दुरुस्तीची कामं करायची. निघालेले हूक लावायचे, सैल पडलेलं इलॅस्टिक बदलायचं, पट्टे आखूड करायचे. काउंटरवर मालक आणि त्यांचे मेहुणे. दोघेही सज्जन, कोणा बाईकडे मान वर करून बघायचे नाहीत, आणि घोटाळा नेमका तिथेच होता. गिऱ्हाईक बाई खालमानेने यायची, "ते... आतलं," म्हणायची. मेहुणे भिंतीकडे बघत विचारायचे, "कितीचं?" बाईला आकडा माहीत नसायचा, आणि असला तरी चार माणसांत बोलायचा नसायचा. "मध्यम द्या," म्हणायची. मग मेहुणे अंदाजाने एक खोका काढायचे, वस्तू काळ्या पिशवीत घालायचे, आणि चोरीचा माल असावा तशी बाई ती पिशवी भाजीखाली दडपून निघून जायची. मशीनवर बसल्या बसल्या मावशीला दिसायचं, की इथून गेलेल्या दहातल्या सात वस्तू महिन्याभरात तिच्याकडेच दुरुस्तीला परत येतात. माल काही वाईट नव्हता. माप चुकलेलं असायचं.

"बायका जन्मभर दुसऱ्याच कोणाच्या तरी मापाचं घालतात," ती घरी नवऱ्याला सांगायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तो म्हणायचा, "मग सांग की मालकांना." ती म्हणायची, "मी मशीनवाली. मला कोण विचारतंय?"

कोणी विचारलं नाही, पण एक पोस्टमन आला. गणवेशात, खांद्याला झोळी. बरोबर बारा-एक वर्षांची मुलगी, तिला त्याने घड्याळवाल्याच्या पायरीवर बसवलं आणि आत येऊन दोन रुमाल घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला, आणखी दोन रुमाल. तिसऱ्या दिवशी मोजे. चौथ्या दिवशी पुन्हा रुमाल.

"एवढी सर्दी असेल तर डॉक्टरकडे जायला हवं माणसाने," मेहुणे तो गेल्यावर म्हणाले.

मावशी मात्र पायरीवरच्या मुलीकडे बघत होती. मुलगी दप्तर पाठीला लावायच्या ऐवजी पोटाशी धरून बसली होती. पाचव्या दिवशी पोस्टमन रुमालांशी घुटमळायला लागला तशी मावशी मशीनवरून उठली.

"दादा, रुमालच हवेत, की आणखी काही?"

त्याचा चेहरा असा झाला, जणू कोणीतरी त्याच्या डोक्यावरचं ओझं अर्धं उतरवून घेतलं. "मुलीला पाहिजे होतं," तो म्हणाला. "तिची आई नाही. दोन वर्षं झाली. मला... ते कसं मागतात तेच माहीत नाही हो, ताई."

"तुम्ही मागू नका. तिलाच मागू दे," मावशी म्हणाली.

तिने मुलीला आत आणलं, जिन्याखालच्या जागेला एक जुनी चादर अडकवली, आणि शर्टावरूनच माप घेतलं. तीन-चार प्रकार पुढे ठेवले आणि विचारलं, "यातलं तुला कोणतं आवडतं?" मुलगी बघतच राहिली. आवडायचा प्रश्नही यात असतो, हे तिला नवीन होतं. बऱ्याच वेळाने तिने निळ्यावर बोट ठेवलं. जाताना तिने दप्तर पाठीला लावलं होतं.

मालक सुरुवातीला कुरकुरले. "बाई, तुम्ही दुरुस्तीला आहात." पण आठवड्याभरात तिघीजणी दारात येऊन, मालकांकडे न बघता, "त्या माप घेणाऱ्या बाई आहेत का?" असं विचारून गेल्या. मालक काही मूर्ख नव्हते. महिन्याभरात जिन्याखाली चादरीच्या जागी जाड पडदा आला, पाठोपाठ एक आरसा आला, आणि मेहुण्यांनी सुटकेचा निःश्वास टाकून टॉवेलांचा विभाग सांभाळायला घेतला.

मावशीने तिथे आपला कारभार बसवला. आकडा मोठ्याने बोलायचा नाही, कागदावर लिहून दाखवायचा. काळी पिशवी बंद. रुमालाला जी पिशवी, तीच याला. आणि पहिल्यांदा येणारी मुलगी असली, की आधी बरोबरच्या मोठ्या माणसाला स्टुलावर बसवून गप्प करायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आया पडद्याच्या फटीतून सूचना करत राहायच्या, "जरा मोठंच द्या, वाढत्या अंगाला होईल." मावशी म्हणायची, "वहिनी, चप्पल दोन नंबर मोठी दिली तर चालेल का ही धड? मग?" हसता हसता काम व्हायचं.

असं करत करत तिने किती मुलींना पहिलं माप दिलं असेल, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. पण रस्त्याने जाताना एखादी नोकरदार बाई स्कूटर थांबवून "मावशी, ओळखलंत का?" म्हणायची, आणि मावशी म्हणायची, "चेहरा नाही आठवत गं, पण तू पिवळं घेतलं होतंस."

तिची स्वतःची मुलगी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. जमिनीवर पाय ठरायचा नाही म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात यायची, रिकाम्या खोक्यांचे मनोरे रचायची, आकडे वाचायला ती तिथेच शिकली. गिऱ्हाईक आलं की काउंटरखालून डोकं काढून विचारायची, "काय पाहिजे? आमच्याकडे सगळं आहे." मालक तिला धाकट्या मालकीणबाई म्हणायचे.

सहावीत गेल्यावर तिचं दुकानात येणं बंद झालं. आधी अभ्यासाचं निमित्त, मग पोट दुखण्याचं. खरं कारण मावशीला शेजारणीकडून कळलं. वर्गातल्या दोघीतिघींनी "हिची आई काय विकते" यावर एक गाणं जुळवलं होतं आणि मधल्या सुट्टीत ते म्हटलं जायचं. गाणं यमकात होतं, म्हणजे पोरींना मराठी बरं येत होतं.

त्याच आठवड्यात भिंगरीने जेवता जेवता, ताटातून नजर वर न करता, सांगितलं, "शाळेच्या फॉर्मवर तुझं काम लिहायचंय. मी कापडाचं दुकान लिहिलंय."

"बरं," मावशी म्हणाली. "कापडच असतं शेवटी."

वरवर ती हसली. पण पुढची पोळी तिने घेतली नाही.

मग दिवस तापायला लागले आणि भिंगरी स्वेटर घालायला लागली. लोकरीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. खांदे पुढे पाडून, पाठीला पोक काढून चालायला लागली. शाळेच्या रिले संघात ती होती. सकाळच्या सरावाला जायला टाळाटाळ करू लागली. नवऱ्याने विचारलं, "हिचे खांदे दुखतात का गं? सारखी वाकलेली असते." मावशीला काय ते केव्हाच कळलं होतं. ज्या बाईला रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी पोरीचं माप लांबून कळतं, तिला स्वतःच्या घरातलं कळणार नाही?

पण कळणं वेगळं आणि वागणं वेगळं. परक्या मुलींशी इतकी सबुरीने वागणारी ही बाई स्वतःच्या मुलीच्या बाबतीत घाईला आली. शनिवारी तिने दुकानातून सहा खोके घरी आणले आणि भिंगरीच्या पलंगावर ओळीने मांडून ठेवले, झाकणं काढून, आतला कागद नीट उलगडून. मनात म्हणाली, सगळ्यांना तीन दाखवते, हिला सहा.

भिंगरी खेळून आली, खोलीत गेली, आणि तिथूनच ओरडली, "हे काय आहे?"

"बाळा, बघ तरी. हे कॉटनचं आहे, याला हूक पण नाही..."

"मी तुझं गिऱ्हाईक नाहीये!"

"अगं, पण..."

"सगळ्यांना करतेस तसं मला नको करूस! मला काही नकोय! काही झालेलं नाहीये मला!"

दार आपटलं. एक खोका पलंगावरून खाली पडल्याचा आवाज आला. नवरा पंख्याची कळ दुरुस्त करत खुर्चीवर उभा होता, तो स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन तसाच राहिला.

मावशी स्वयंपाकघरात जाऊन बसली. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," ती म्हणाली. "गावभरच्या पोरी माझ्याशी बोलतात. पोटची पोर बोलत नाही."

नवरा समोर येऊन बसला. म्हणाला, "लिफ्ट मधेच अडकली ना, की आतला माणूस सगळी बटणं दाबत सुटतो. अशा वेळी बाहेरून दार उचकटायला गेलं तर उलट जास्त अडकते. आपण फक्त हाक मारायची, की मी इथे आहे, जात नाही कुठे. आणि थांबायचं."

"आपली मुलगी म्हणजे काय लिफ्ट आहे?"

"नाही," तो म्हणाला. "लिफ्टचं मला कळतं."

त्या दिवसात तिला आलेलं हे पहिलं हसू. तिने खोके पुन्हा बंद केले आणि सोमवारी दुकानात नेऊन जागेवर लावले. भिंगरीला एवढंच म्हणाली, "घाई माझी झाली. तुला वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तरी चालेल." भिंगरी खोलीत निघून गेली. पण दार आपटलं नाही.

दोन आठवडे तसेच गेले. मावशीने आपली जीभ दाताखाली धरून ठेवली, आणि ज्या बाईचा धंदाच बोलण्याचा, तिला हे किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच माहीत. मध्यंतरी शाळेत आंतरशालेय स्पर्धेची तारीख लागली. भिंगरी पुन्हा सरावाला जायला लागली, तीही स्वेटर न घालता. मावशीला बरं वाटलं, आणि जरा कोडंही पडलं.

कोडं सुटलं ते एका मंगळवारी. शाळेतून दुकानात फोन आला. मुलगी पळताना चक्कर येऊन बसली, काळजीचं काही नाही, पण घेऊन जा.

मावशी टेप गळ्यात तशीच ठेवून निघाली. शाळेच्या ऑफिसशेजारी एक छोटी खोली होती, त्यात एक कॉट, पाण्याचा जग आणि औषधांचं कपाट. भिंगरी कॉटवर बसली होती, चेहरा उतरलेला. खेळाच्या बाई म्हणाल्या, "आज पोटात काही नव्हतं का हिच्या? दोन फेऱ्यांतच धाप लागली. एरवी हीच सगळ्यांना दमवते."

मावशीने मुलीच्या श्वासाकडे बघितलं. वरवरचा, अर्धा अर्धा. मग शर्टाच्या कॉलरशी तपकिरी कापडाची जेमतेम दिसणारी कड. नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीत पाय मुरगळला की बांधायची एक लवचिक पट्टी असायची, ती काही दिवसांपासून सापडत नव्हती. त्यावरून घरात वादही झाला होता.

"बाई, आम्हाला पाच मिनिटं देता?" मावशीने विचारलं. बाई दार ओढून घेऊन गेल्या.

"आधी ते सोड," मावशी हळू आवाजात म्हणाली. "मी भिंतीकडे तोंड करते."

ती वळून औषधांच्या कपाटावरची लेबलं वाचत उभी राहिली. मागे बराच वेळ खुडबुड चालली, आणि मग एक लांब, खोल श्वास ऐकू आला. मावशी वळली तेव्हा भिंगरी शर्टाची बटणं लावून बसली होती आणि पट्टीचा गोळा मांडीवर होता.

"पळताना सगळ्या बघतात," ती म्हणाली. "मला वाटलं, घट्ट बांधलं की कोणाला कळणार नाही."

मावशीच्या तोंडावर शंभर वाक्यं आली. दम कोंडला असता तर? अगं वेडे, मला सांगायचंस ना? एकही तिने उच्चारलं नाही. ती कॉटवर शेजारी बसली आणि जे आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते सांगायला लागली.

"मी तुझ्याएवढी होते तेव्हा माझ्या आईने मला मोठ्या ताईचं जुनं दिलं. म्हणाली, हे घाल, आणि वाळत घालताना वरून टॉवेल टाक. बस. एवढंच. ते मला हे एवढं मोठं. मग मी दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिना लावल्या."

"पिना?"

"दोन इकडे, दोन तिकडे. एक दिवस गणिताच्या तासाला एक उघडली."

भिंगरीने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "टोचली?"

"टोचली म्हणजे! नेमकं त्याच वेळी सरांनी मला फळ्याजवळ बोलावलं. मी तिरकी तिरकी चालत गेले, खेकड्यासारखी. गणित येत होतं, पण हात वर करायची सोय नव्हती, म्हणून फळ्याच्या अगदी तळाशी बसून सोडवलं. सर म्हणाले, ही कोणती नवी पद्धत?"

भिंगरी हसली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तू आजीला नाही सांगितलंस?"

"नाही. मला वाटायचं, हे सगळं माझंच काहीतरी चुकलंय. तिलाही कोणी काही सांगितलं नसणार गं. नाही तर तिने मला सांगितलंच असतं, वाईट नव्हती ती."

जरा वेळाने भिंगरीने नाक पुसलं आणि अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "दुकानात गर्दी कधी नसते?"

"बुधवारी. दुपारी तीनच्या सुमाराला."

"म्हणजे उद्या. मी येईन. पण तू आई म्हणून नाही हं. सगळ्या मुलींना करतेस तसंच करायचं."

"त्या दिवशी तर म्हणालीस, सगळ्यांसारखं नको?"

"त्या दिवशीचं वेगळं. तू घरी मांडून ठेवलं होतंस. दुकानात मी येईन, मी सांगेन. आणि बाळा म्हणायचं नाही. आणि फुलाफुलांचं नको."

"बरं ताई," मावशी म्हणाली.

बुधवारी तीनला पाच मिनिटं कमी असताना भिंगरी गल्लीच्या तोंडाशी दिसली. चपलांच्या दुकानापाशी थांबली, पुढे आली, पुन्हा थांबली. मावशी मुद्दाम खोक्यांकडे तोंड करून उभी होती. मालकांना तिने सकाळी सगळं समजावून ठेवलं होतं, तरी मुलगी उंबऱ्यात येताच त्यांच्या तोंडून निघालंच, "अरे, आपली भिं..." मावशीने डोळे वटारले. मालकांनी वाक्य गिळलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं, पण वेळ निभावली.

भिंगरी काउंटरशी आली. काउंटरच्या लाकडावर तिने दोन्ही हात ठेवले.

"मावशी," ती म्हणाली. घसा खाकरला. "मला ब्रा पाहिजे. पहिलीच आहे. पळताना घालायची."

बायका जो शब्द चाळिशी उलटली तरी तोंडातल्या तोंडात बोलतात, तो तिने पूर्ण वाक्यात, दुकानाच्या मधोमध बोलून टाकला होता. मावशीला एकदम भरून आलं. पण आज ती आई नव्हती, तेव्हा तिने नेहमीचं ठेवणीतलं वाक्य काढलं, "बरोबर कोणी आलंय का?"

"नाही. आई कामाला जाते."

"या मग आत."

पडद्याआड तिने टी-शर्टावरून टेप लावली. हजारदा केलेलं काम. तिने आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी," भिंगरी आरशात बघत म्हणाली, "टेप उलटी धरलीये तुम्ही."

खरंच उलटी होती. मावशीने ती सुलटी केली, माप घेतलं, कागदावर आकडा लिहून दाखवला. "हे आजचं माप. सहा महिन्यांनी वेगळं असेल. आकडा म्हणजे काही परीक्षेतले मार्क नाहीत, कमी-जास्त असं काही नसतं त्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घातल्यावर पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. श्वास अडला की समजायचं, चूक कपड्याची, आपली नाही."

भिंगरीने मान हलवली. ते शेवटचं वाक्य एरवीच्या बोलण्यात नसायचं, हे तिला कळलं असेल किंवा नसेलही.

मावशीने तीन प्रकार आणून दिले आणि पडदा ओढून बाहेर उभी राहिली. आत शांतता. मग सळसळ. मग एकाएकी धप, धप, धप असा आवाज यायला लागला. जिन्याच्या फळ्या हादरल्या, पोटमाळ्यावरून धुळीची एक बारीक रेघ मालकांच्या वर्तमानपत्रावर उतरली.

"काय चाललंय?" मालकांनी कुजबुजत विचारलं.

"उड्या मारून बघतेय," मावशी म्हणाली. "बरोबरच आहे. पळायचंय तिला."

दुसरा प्रकार घालून पुन्हा उड्या. तिसऱ्याला उड्या आणि जागच्या जागी पळणं. मग पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. त्यात दोन नापसंत झालेले होते. "राखाडी ठेवते," आतून आवाज आला.

मावशीच्या मते पांढरा गणवेशाखाली बरा दिसला असता. आणि तो कापडानेही सरस होता. सांगायला तिने तोंड उघडलं, मग मिटलं.

"छान आहे राखाडी," ती म्हणाली.

भिंगरी बाहेर आली. पाठ ताठ. मुद्दाम ताठ केलेली नव्हती, आपोआप झाली होती. मावशीने राखाडीच आणखी एक काढून नेहमीच्या पिशवीत घातली.

"पैसे आई देईल," भिंगरी गंभीरपणे म्हणाली.

"हो का? कशी आहे तुझी आई?"

"बरी आहे. जरा जास्त बोलते."

आता मात्र मालकांना राहवलं नाही. वर्तमानपत्रामागून जे हसू फुटलं, त्यात मावशीही सामील झाली आणि शेवटी गिऱ्हाईकही.

स्पर्धेत त्यांचा संघ चौथा आला. बक्षीस तिसऱ्यापर्यंतच होतं. शेवटच्या मुलीच्या हातून दांडी निसटली, नाही तर नंबर होता, असं भिंगरी अजून सांगते. मावशी आणि नवरा दोघंही अर्धी रजा टाकून बघायला गेले होते. तिसऱ्या टप्प्यात भिंगरीने दोघींना मागे टाकलं तेव्हा नवरा इतक्या जोरात ओरडला की पुढच्या बाकावरच्या बाईंच्या हातातला चहा सांडला.

त्यानंतरच्या एका बुधवारी भिंगरी दुकानात आली ती एकटी नव्हती. बरोबर तिच्या वर्गातली एक उंच मुलगी होती. गाणं जुळवणाऱ्यांपैकी हीच मुख्य, हे मावशीला शेजारणीने केलेल्या वर्णनावरून ओळखू आलं. मुलीच्या हातात दप्तर होतं, तेही पोटाशी.

"हिला पण पाहिजे," भिंगरी म्हणाली. "हिच्या घरी विचारायला कोणी नाही, फक्त भाऊ आणि आजोबा. आजोबा बाहेर उभे आहेत."

मावशीने बाहेर बघितलं. एक म्हातारे गृहस्थ अत्यंत लक्षपूर्वक रुमाल निवडत होते. ती मुलीला म्हणाली, "ये गं. तुला कोणता रंग आवडतो?" भिंगरी पडद्याची कड धरून बाहेर पहारा देत उभी राहिली, आणि टॉवेलवाल्या मेहुण्यांनी सहज तिकडे पाऊल टाकताच, "मामा, तिकडूनच," असं तिने बजावलं.

अशा दोन, मग चार, मग बुधवारी दुपारी दुकानाचं शटर तासभर अर्धं खाली घ्यायची पद्धतच पडली. ही कल्पना मालकांची. पाटी लिहायची की नाही यावर बराच खल झाला आणि शेवटी नको असं ठरलं. ज्यांना कळायचं त्यांना कळत होतंच.

वर्षाच्या शेवटी खेळाच्या बाई दुकानात आल्या. सहावी-सातवीच्या मुलींशी मावशीने एकदा तासभर बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. मावशी घाबरली. "अहो, मी आठवीपर्यंत शिकलेली. मी काय भाषण देणार?" बाई म्हणाल्या, "भाषण नको. दुकानात बोलता तेवढंच बोला."

घरी तिने भिंगरीला विचारलं. "तुला चालेल का? तुझ्याच वर्गात असेन मी. सगळ्यांसमोर."

भिंगरीने विचार करायला दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "चालेल. पण पिनांची गोष्ट सांग. ती चांगली आहे."

त्या दिवशी मावशी गळ्यात टेप घालून वर्गात उभी राहिली. पन्नास मुली, खिडक्यांची दारं ओढलेली, शिपाईमामांना लांब पाठवलेलं. तिने पिनांची गोष्ट सांगितली, वर्ग खदखदून हसला. मापाचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं. मग म्हणाली, "विचारा, काय विचारायचंय ते." आणि वर्ग असा चिडीचूप झाला की पंख्याचा कुरकुर आवाज ऐकू येऊ लागला. पन्नास माना खाली.

तिसऱ्या रांगेतून एक हात वर आला. भिंगरीचा. ज्याचं उत्तर ती लहानपणापासून घरात बघत होती, तेच तिने विचारलं. "आई, धुताना गरम पाणी चालतं का?"

आई. साऱ्या वर्गासमोर, मोठ्याने.

"गरम नको," मावशी म्हणाली. "इलॅस्टिक जातं. साधं पाणी, आणि सावलीत नाही, चांगलं उन्हात वाळवायचं. उघड्यावर. टॉवेल वगैरे काही टाकायचा नाही वरून."

मग आणखी एक हात वर आला. मग तीन. मग इतके, की खेळाच्या बाईंना नंबर लावावे लागले. तास संपल्याची घंटा झाली तरी दहाबारा मुली टेबलाभोवती होत्या, आणि एक सातवीतली धिप्पाड मुलगी सगळ्यांना ढकलून विचारत होती, की माझ्या आईला पण घेऊन आले तर चालेल का, तिला तर कोणीच कधी काही सांगितलेलं नाही.

"आण की," मावशी म्हणाली. "आजी असेल तर तिलाही आण."

दुकानात परतायला तिला पाच वाजले. तेवढ्या दोन तासांत मालक आणि मेहुण्यांनी मिळून चार गिऱ्हाइकं सांभाळली होती आणि अख्ख्या भिंतीचे खोके खाली काढून ठेवले होते. काउंटर दिसत नव्हता. मालक घामाघूम होऊन मधोमध उभे होते.

"बाई, त्यांनी मध्यम मागितलं," ते म्हणाले. "मध्यम म्हणजे नेमकं कोणतं हो?"

मावशीने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, आणि आकडे लावत एकेक खोका वर चढवायला घेतला.